गजभियांच्या गच्चीवरचे ढग

शेवंताबाईंनी अंबादास गजभियांच्या सोलर पॅनेलवर कुरडया वाळत घातल्या आणि पुण्याहून प्रतिमाचा फोन आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे गजभियांना जिना चढून वर जाईपर्यंत माहीत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा ते ओट्यावर बसून भैयालालची ई-रिक्षा चार्ज होताना बघत होते. बघण्यासारखं त्यात काही नसतं. भैयालाल सकाळच्या फेऱ्या संपवून ऐन उन्हाच्या वेळी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या या गल्लीत यायचा, ओट्याशेजारच्या पॉइंटला वायर लावायचा आणि मागच्या सीटवर पाय मुडपून झोपून जायचा. रिक्षा आणि रिक्षावाला एकाच वेळी चार्ज होत. गजभियांना तेवढीच सोबत होती. झोपलेला का होईना, माणूस होता.

"बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

"मले काय धाड भरली? तू ऑफिसात नाहीस काय?"

"ऑफिसातच आहे. तुमचा सोलरचा ग्राफ एकदम खाली आला ना. सकाळपासून मस्त चढत होता, मग एकदम सपाट. म्हटलं झालं काय?"

"ढग असतील," गजभिये म्हणाले आणि फोन कानाला लावूनच जिना चढू लागले.

वर चैत्रातलं कोरडं, निळं आकाश होतं. त्यात ढग सोडा, घारही नव्हती. पॅनेलवर मात्र शेवंताबाईंची एक जुनी साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवलेली होती. कडेनं कपड्यांचे चिमटे लावले होते आणि साडीवर ओल्या कुरडयांच्या रांगा होत्या. शेजारच्या गच्चीवरून मधला बुटका कठडा ओलांडून आलेल्या शेवंताबाई हातात सोऱ्या घेऊन उरलेली जागा भरत होत्या. कोणाचा फोन, असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं.

"आहेत ना ढग?" तिकडून प्रतिमा म्हणाली.

गजभियांची उभी हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली होती. समोर आलेला माल हातात घ्यायचा, चारही बाजूंनी मापायचा आणि 'पास' म्हणायचं किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. खोटं बोलण्याचा त्यांना सराव नव्हता. पण ढग म्हणून झालेलं होतं, आणि पोरगी अजून फोनवर होती.

"आहेत," ते म्हणाले. "बरेच आहेत."

"इकडे तर नुसतं ऊन आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगवरच पॅनेल आहेत ना, माझी स्कूटर त्याच्यावरच चार्ज होते. बाहेर लाइट गेली तरी आम्हाला कळत पण नाही." मग तिनं कान टवकारले. "हा कसला आवाज येतोय?"

"शेवंताबाई कुरोड्या करून राहिल्या. त्यांच्या छतावर."

"आई करायची तेव्हा मी अर्धा चीक वाटीत घेऊन पळायची, आठवतं?"

गजभियांना आठवत होतं. मग दोघं चिकावर बोलले, त्यात गूळ घालायचा की मीठ यावर बोलले, आईच्या हातचा सोऱ्या कोणाकडे गेला यावर बोलले. उन्हानं टाळू तापली तरी गजभिये गच्चीवरून हलले नाहीत. ठेवताना प्रतिमा म्हणाली, "पुन्हा असा खाली आला तर मी फोन करते."

हे वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. गजभियांनी ते जपून ठेवलं.

कारण तिचे रोजचे फोन बंद पडले होते ते या सोलरपायीच. गजभियांची बायको गेली त्यानंतर प्रतिमा रोज सकाळी फोन करायची. उठले का, चहा झाला का, गोळी घेतली का. पुण्यात ती एकटीच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती आणि बाप इथं एकटा, हे तिच्या जिवाला लागलं होतं. मग उन्हाळ्यात लाइट फार जाते म्हणून तिनं गच्चीवर पॅनेल बसवून दिले, खाली इन्व्हर्टर दिला, गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी दिली आणि या सगळ्याचा ग्राफ आपल्या मोबाइलवर घेतला. आता गजभियांनी सकाळी चहाचं आधण ठेवलं की पुण्यात एक छोटा उंचवटा उमटायचा. उंचवटा आला म्हणजे बाबा उठले. दुपारचा मोठा उंचवटा म्हणजे कुकर लागला. संध्याकाळची सरळ रेघ म्हणजे टीव्ही. माहिती रोज आपोआप जाऊ लागली आणि चौकशी थांबली.

त्यांनी स्वतः फोन करायला हरकत नव्हती. पण कारखान्यात त्यांच्या विभागाला एकच टेलिफोन होता, फोरमनच्या टेबलावर. तिथून एखाद्याच्या नावानं हाक आली की सगळ्यांचे हात थांबायचे, कारण घरी कोणीतरी गेल्याशिवाय किंवा जायला निघाल्याशिवाय कामाच्या माणसाला कोणी फोन करत नसे. ती शिस्त गजभियांच्या घरातही आली होती. कारणाशिवाय फोन नाही. प्रतिमा याच घरात वाढली होती.

एकदा त्यांनी सकाळी लागोपाठ दोनदा चहा करून पाहिला. दोन उंचवटे दिसले की कोण आलं होतं म्हणून ती विचारेल, असा त्यांचा अंदाज होता. तिनं विचारलं नाही. चहा मात्र दोन्ही कप त्यांनाच प्यावा लागला.

कुरडया वाळल्या, शेवंताबाईंनी साडी उचलली आणि काच पुसून ठेवली. ग्राफ पुन्हा ताठ उभा राहिला. फोन गप्प झाला. काही दिवस वाट बघून गजभिये कठड्यापाशी गेले.

"शेवंताबाई, कुरोड्या झाल्या काय?"

"झाल्या ना भाऊजी. न विचारता घातल्या म्हणून रागावले काय? काय करू, माह्या छतावर त्या नव्या बिल्डिंगची सावली पडते, अन् ऊन येते तिथं माकडं येतात."

"रागावलो नाही. पापड नाही करत काय?"

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पॅनेल बसल्यापासून या माणसानं तिथं कबुतरही बसू दिलं नव्हतं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं काच पुसून हा माणूस खाली उतरत असे.

"करीन ना. पुढच्या हप्त्यात."

"उद्या काहून नाही? ऊन चांगलं आहे."

"उडीद दळून आणा लागते भाऊजी."

"मी आणतो दळून."

उडीद दळून आले. पापड झाले. काच खालून तापलेली, ऊन वरून. सकाळी घातलेला पापड दुपारी कडक. प्रतिमाचा फोन आला. "बाबा, पुन्हा ढग?" "हो ना. पश्चिमेकडून येऊन राहिले." ती बराच वेळ बोलली. तिच्या साहेबाची बदली झाली होती आणि नवा साहेब मीटिंगमध्ये उभ्यानं बोलायला लावत होता. गजभियांनी त्याला लगेच रिजेक्ट करून टाकलं.

शेवंताबाईंचा पापड आख्ख्या गल्लीनं खाऊन पाहिला आणि मग बायका यायला लागल्या. मुगाच्या वड्या आल्या, सांडगे आले, साबुदाण्याच्या चकल्या आल्या, कोणाची भरलेली मिरची आली. गजभियांनी प्रत्येकीला पॅनेल ठरवून दिलं. उचलायच्या वेळी ते स्वतः हजर असत आणि एकेक नग बोटांत धरून बघत. "ही वडी मधी ओली आहे. रिजेक्ट." बायका पदर तोंडाला लावून हसत आणि वडी परत ठेवत. पण बायका सकाळी यायच्या, पसरायच्या आणि आपापल्या घरी जायच्या; पुन्हा यायच्या त्या उचलायला. मधल्या वेळात गच्ची भरलेली असे आणि खाली घर तसंच.

पहिली तक्रार भैयालालची आली.

"काकाजी, आपला सूर्य कमजोर होऊन राहिला काय? दोन चक्कर मारले का बॅटरी बसते."

"ढग आहेत."

भैयालालनं रिक्षातून मान बाहेर काढून वर पाहिलं. उन्हानं त्याचे डोळे मिटले. "कुठं?"

"वरच्या अंगानं."

"अच्छा." भैयालाल वाद घालणारा माणूस नव्हता. "मग ढग आहेत तवरी घरच्या लाइनीले लावू काय?"

गजभियांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर दोन पॉइंट होते, एक उन्हाचा आणि एक वीज कंपनीचा. कंपनीच्या पॉइंटवर त्यांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं होतं, 'घरगुती मीटरवर धंद्याची गाडी लावू नये.' नियम नियम होता. उन्हाला कोणाचा मीटर नव्हता, म्हणून भैयालालला तो मोकळा होता. भैयालालला याचा इतका अभिमान, की त्यानं रिक्षाच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'यह गाड़ी धूप से चलती है'.

दुसरी अडचण प्रतिमाकडून आली. मे महिन्यात जबलपुरात इतके ढग कसे, हे तिला पटेना. तिनं रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतून श्रीरंगला पाठवलं. पॅनेलचे सांगाडे त्यानंच बसवले होते. तो येणार म्हणून गजभियांनी सकाळीच गच्ची मोकळी करवली, काच दोनदा पुसली आणि बायकांना त्याच्यासमोर वाळवणाचं बोलू नका म्हणून सांगितलं. श्रीरंगनं वायरी पाहिल्या, इन्व्हर्टर पाहिला, मीटर लावून पाहिलं.

"काकाजी, सब ओके आहे. एकदम फर्स्ट क्लास चालून राहिलं." मग त्यानं काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट निरखलं आणि जिभेला लावलं. "हे मीठ आहे काय?"

"नर्मदेकडून हवा येते," गजभिये म्हणाले.

"नर्मदेचं पाणी गोडं आहे, काकाजी."

"आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

श्रीरंगनं मान डोलावली, खिशातून मोबाइल काढला आणि काचेचा जवळून एक फोटो घेतला. तेवढ्यात कठड्यापलीकडून शेवंताबाईंचा हात आला. हातात पापडांची पिशवी होती. "घे रे भाऊ, घरी तळून खाजो." श्रीरंगनं पिशवीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, गजभियांकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन जिना उतरला.

त्यानंतर प्रतिमा फोनवर ढगांची जास्तच चौकशी करू लागली. गजभियांना वाटलं की सुटलो, आता श्रीरंगनं सगळं ठीक म्हटल्यावर ढगांवर तिचा विश्वास बसलेला दिसतो.

"आज कसे आहेत बाबा? काळे का पांढरे?"

"मधले."

"पाऊस पडेल?"

"आज नाही वाटत. हे नुसते फिरणारे आहेत."

"उद्या असतील?"

गजभियांनी कठड्यापलीकडे पाहिलं. शेवंताबाई परातीत मूग निवडत होत्या. "उद्या नक्की आहेत," ते म्हणाले.

असं चाललं होतं, आणि एका दुपारी प्रतिमा म्हणाली, "बाबा, मी येते रविवारी. दुपारच्या गाडीनं. स्वतः बघते काय भानगड आहे ती."

गजभिये पायरीवर बसले. आधी त्यांना नुसता आनंद झाला. तो जिना उतरेपर्यंत टिकला. मग त्यांना आठवलं की ती येईल तेव्हा आकाशही असेल.

ते तसेच परत वर गेले. "शेवंताबाई, रविवारी काचेवर काही घालायचं नाही. प्रतिमा येऊन राहिली."

"असं कसं भाऊजी? तुम्हीच म्हणाले गहू भिजवा. आता भिजले ना. रविवारी चीक शिजवलाच पाहिजे, नाही तर आंबून जाईन. अन् माह्या घरच्या असत्या तर सोडून दिल्या असत्या. बुद्धपौर्णिमेच्या जेवणाच्या कुरोड्या आहेत, विहाराच्या."

विहाराचं नाव निघाल्यावर बोलणं संपलं. शिवाय गहू भिजवा म्हणून मागं लागलेले गजभियेच होते. दुपारपर्यंत उचलायच्या, या अटीवर तह झाला. "ऊन उचलू देईन तर उचलू," शेवंताबाईंनी आपलीही एक अट घातली.

रविवारी गजभियांनी पहाटेपासून घर झाडलं. प्रतिमाच्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घातली, ती सरळ नाही म्हणून पुन्हा घातली. वांग्याची भाजी केली, तूरडाळ शिजवली. भैयालालला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की स्टेशनवर आपल्याच गाडीनं जायचं, उन्हावर चालणाऱ्या. पोरीनं बसवून दिलेल्या सोलरवर पोरगी घरी आली पाहिजे. भैयालाल रिक्षा धुऊन आला, उन्हाच्या पॉइंटला वायर लावली आणि रिवाजाप्रमाणे झोपला.

वर विहाराच्या कुरडयांनी सगळे पॅनेल झाकले होते. दुपार झाली तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, उचलू काय, तुम्ही पाहून सांगा. गजभियांनी एक कुरडई उचलून बोटांत दाबली. ती दबली. त्यांनी दुसरी घेतली, तीही दबली. एक शब्द बोलायचा होता. नुसतं पास म्हटलं असतं तर गच्ची मोकळी झाली असती, आणि पौर्णिमेला बुरशी आलेल्या कुरडया विहारात तळायला निघाल्या असत्या.

"रिजेक्ट," गजभिये म्हणाले. "ऱ्हाऊ द्या अजून."

खाली भैयालाल उठून रिक्षाचा काटा बघत होता. काटा लाल होता.

"काकाजी, आज तर काहीच नाही घेतलं हो हिनं. एक घंटा घरच्या लाइनीले लावू काय? फक्त आजच्या दिवस. दीदी येऊन राहिली."

गजभिये लाल अक्षरांसमोर उभे राहिले. त्यांचा हात वायरीकडे गेला आणि परत आला. "स्टेशनापर्यंत जाईन ना?"

"जाईन. वापस यायचं सांगता येत नाही."

"चल मग."

गाडी वेळेवर आली. प्रतिमा उतरली तेव्हा गजभियांना ती आधी ओळखू आली नाही. केस कापलेले होते आणि वाळली होती. ती पाया पडायला वाकली, त्यांनी तिची बॅग उचलायचा प्रयत्न केला, तिनं ती सोडली नाही. रिक्षाच्या पाठीवरची पिवळी अक्षरं वाचून ती हसली. रस्त्यात ती सांगत होती की तिची स्कूटरही अशीच न आवाज करता चालते, माणसं अंगावर येतात तरी सरकत नाहीत. गजभिये ऐकत होते आणि भैयालालच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होते.

कमानिया गेटच्या ऐन कमानीखाली रिक्षानं एक उसासा टाकला आणि ती उभी राहिली.

रविवारचा बाजार होता. मागं स्कूटर, त्यामागं ऑटो, त्यामागं बांगड्यांचा हातगाडा. सगळे एकदम वाजू लागले. भैयालालनं चावी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"क्या हुआ भैया?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"बैटरी उतर गई."

ऑटोवाल्यानं रिक्षाच्या पाठीवरचं वाचलं. मग त्यानं ते मोठ्यानं वाचलं, म्हणजे ज्यांना दिसत नव्हतं त्यांनाही कळावं. "यह गाड़ी धूप से चलती है. चाचा, ऊपर देखो, सूरज तो चालू है."

"इनका कनेक्शन कटा होगा," बांगड्यावाला म्हणाला.

"बादल हैं भैया," भैयालाल अतिशय प्रामाणिकपणे म्हणाला. "महीना भर से. ऊपर की तरफ."

सगळ्या कमानिया गेटनं वर पाहिलं. आकाश परातीसारखं लख्ख होतं. प्रतिमानंही वर पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, मग ओढणी कमरेला बांधली, उतरली आणि रिक्षा ढकलू लागली. गजभियेही उतरले आणि दुसऱ्या बाजूनं लागले.

"आज पण ढग, बाबा?" तिनं ढकलता ढकलता विचारलं.

गजभियांनी रिक्षाला खांदा लावला. त्यांना दम लागला होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

घरी पोचल्यावर तिनं पाणीही घेतलं नाही, सरळ जिना चढली. गजभिये तिच्या मागं एकेक पायरी उशिरा चढले. वर पॅनेल साड्यांनी झाकलेले होते आणि पॅनेलच्या सावलीत शेवंताबाई गल्लीतल्या बायकांबरोबर बसल्या होत्या.

"ये माय प्रतिमा. किती वाळली वं. तुह्या या सोलरनं आमच्या गल्लीचा उन्हाळा सुखाचा गेला पाह्य. तुझे बाबा एवढे चांगले माणूस, आम्ही थांबलो का हेच विचारतात, अजून काही वाळवायचं आहे काय. उडीद पण दळून आणले त्याईनं."

गजभिये कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ माल परत पाठवला होता. परत आलेल्या मालाला कसं वाटत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

प्रतिमानं साडीवरची एक अर्धओली कुरडई उचलून तोंडात टाकली. शेवंताबाईंनी तिच्यासाठी राखलेली चिकाची वाटी पुढे केली. त्यात गूळ होता.

संध्याकाळी कुरडया पास झाल्या, बायका त्या घेऊन गेल्या आणि गच्चीवर बापलेकच उरले. प्रतिमा वाटी चाटून पुसून संपवत होती.

"श्रीरंगनं मला फोटो पाठवला होता," ती म्हणाली.

"कशाचा?"

"काचेचा. जिरं दिसत होतं."

गजभियांनी काचेची कड बोटानं पुसली. श्रीरंग येऊन गेल्यावरही हिचे फोन येतच होते. काळे का पांढरे, असं ती विचारत होती. उद्या असतील का, असंही विचारत होती. माहीत असून ती ते का विचारत होती, हे त्यांना विचारावंसं वाटलं. पण असले प्रश्न विचारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. खाली भैयालाल मावळत्या उन्हाकडून होईल तेवढं चार्जिंग घेत झोपला होता.

ती दोन दिवस राहिली. जाण्याआधी तिनं गच्चीची व्यवस्था लावली. कडेचं एक पॅनेल गल्लीला, बाकीचे रिक्षाला. तेवढ्यानं ग्राफ फारसा खाली येणार नव्हता. हे सगळ्यांना सोयीचं होतं, आणि गजभियांना त्यात एक गोष्ट कमी पडत होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही. निघताना प्रतिमानं त्यांचा मोबाइल मागून घेतला आणि त्यात काहीतरी घातलं.

"माझ्या स्कूटरचं आहे. कुठं आहे, किती चार्ज आहे, सगळं दिसतं. मी एकटीच तुमचं बघत असते. तुमच्याकडे बघायला काहीच नाही."

या वेळी भैयालालनं तिला भरलेल्या बॅटरीवर स्टेशनला सोडलं. कमानिया गेटखाली त्यानं विनाकारण हॉर्न वाजवला.

मग घर पुन्हा होतं तसं झालं. गजभिये सकाळी आधण ठेवत, पुण्यात उंचवटा उमटे, आणि चहा घेऊन ते मोबाइल उघडून बसत. पुण्याच्या नकाशावर एक हिरवा ठिपका होता. तो सकाळी ऑफिसात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. गजभिये त्याची रोज तपासणी करत. हळूहळू त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. शनिवारी संध्याकाळी ठिपका सोसायटीत उभा राहिला की तो सोमवारी सकाळीच हलायचा. रविवारी पोरगी कुठंच जात नव्हती. कोणाकडे जेवायला नाही, बाजारात नाही, नुसती चक्कर मारायलाही नाही.

त्यांना फोन करावासा वाटला. पण गाडी उभी आहे, हे काही कारण होत नव्हतं.

कारण पावसाळा लागायच्या सुमाराला मिळालं. एका रविवारी ठिपका लाल झालेला होता. गजभियांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"प्रतिमा, तुझी गाडी लाल दाखवून राहिली. चार्जिंगले नाही लावली काय?"

"अहो बाबा, लाइटच नाहीये सकाळपासून."

मग ती बोलत बसली. तिनं वांग्याची भाजी करून पाहिली होती, तुमच्यासारखी झाली नाही म्हणाली. मोहरी आधी का जिरं आधी, यावर बराच वेळ गेला. फोन ठेवल्यावर गजभिये खुश होते. संध्याकाळी कुकर लावताना त्यांचा हात थांबला. सोसायटीच्या पार्किंगवर पॅनेल होते. बाहेर लाइट गेली तरी आम्हाला कळत पण नाही, असं तिनंच सांगितलं होतं. त्यांनी तिचं सकाळचं वाक्य हातात घेतल्यासारखं चारही बाजूंनी मापून पाहिलं. ते कुठल्याच बाजूनं बसत नव्हतं.

पुढच्या रविवारी ठिपका पुन्हा लाल होता. गजभियांनी फोन लावला.

"आज पण लाल आहे."

"हो ना बाबा."

"ढग आहेत काय तिकडं?"



"आहेत," प्रतिमा म्हणाली. "बरेच आहेत."

"काळे का पांढरे?"

"मधले."

गजभियांनी तो माल जाणूनबुजून पास केला, खुर्ची पंख्याखाली ओढली आणि नीट बसले.